‘अमोनियाकल’ म्हणजे नेमकं काय? अमोनिया, अमोनियम, अमोनियायुक्त यांत गल्लत होते आहे

मुलुंड_एसटीपी

नमस्कार मंडळी. एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत एसटीपीसाठी, ऑपरेटरना वाचता येईल असा मराठी तक्ता करतो आहे. बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), गाळ, ब्लोअर हे सगळं बसलं. अडलं ते ‘अमोनियाकल’ या विशेषणावर.

प्रक्रिया झालेल्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल समोर आहे. पीएच ७.४, नमुना घेताना तापमान ३० अंश, बीओडी ८, टीकेएन ४६, अमोनियाकल नायट्रोजन ४२, मुक्त अमोनिया १.०. पीएच आणि तापमान सोडून सगळे आकडे मिग्रॅ/लिटरमध्ये. त्याच दिवशी, त्याच टाकीवर लावलेला प्रोब मात्र ‘एनएच-४ : ५४’ दाखवत होता. म्हणजे एकाच पाण्यासाठी ४२, १ आणि ५४ असे तीन आकडे, आणि तिन्हींच्या शेजारी अमोनियाशी नातं सांगणारा शब्द.

त्यात बारावीच्या प्रात्यक्षिकात ‘अमोनियाकल सिल्व्हर नायट्रेट’ आहे, खताच्या गोणीवर ‘अमोनियाकल नत्र’ आहे आणि पुरवठादाराच्या पत्रकात ‘अमोनियाकल वास’ असंही लिहिलेलं आहे. सगळीकडे ‘अमोनियायुक्त’ लिहून टाकलं तर चालेल का? की प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा आहे? तीन आकड्यांतला खरा कुठला, तेही सांगा.

---

पाणीतपासणी_पवई

आधी आकड्यांचं सांगतो, कारण अर्थ त्यातूनच उलगडतो. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि एकमेकांशी जुळतातही.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विरघळलेला वायू, म्हणजे मुक्त अमोनिया. दुसरा, त्यालाच एक हायड्रोजन आयन चिकटून झालेला अमोनियम आयन. दोघांची सतत अदलाबदल चालू असते आणि कोणाचा वाटा किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. प्रयोगशाळेची नेहमीची पद्धत दोघांना मिळूनच मोजते. म्हणून ‘अमोनियाकल नायट्रोजन’ म्हणजे या दोन्ही रूपांत मिळून असलेला नायट्रोजन, आणि आकडा फक्त नायट्रोजनच्या वजनाचा. इथे ‘अमोनियाकल’ हे विशेषण नायट्रोजन कुठल्या खात्यातला ते सांगतं. नायट्रेटमधला नाही, प्रथिनांत आणि युरियात अडकलेला नाही, अमोनिया-अमोनियमच्या खात्यातला आहे.

आता ४२ आणि ५४. नायट्रोजनचं अणुभार १४, अमोनियमचा रेणुभार १८. ४२ ला १८/१४ ने, म्हणजे १.२९ ने गुणा. ५४ येतात. प्रोब आख्ख्या अमोनियम आयनाचं वजन दाखवतो आहे, प्रयोगशाळा फक्त नायट्रोजनचं. प्रोबच्या मेनूमध्ये एकक बदलायची सोय बहुतेक वेळा असते. तिथे ‘एनएच-४-एन’ निवडा, म्हणजे दोन्हीकडे एकच भाषा होईल. हीच बेरीज ‘अमोनिया म्हणून’ मागितली तर गुणक १७/१४, म्हणजे १.२२. अहवालात ‘एन म्हणून’ हे दोन शब्द नसतील तर तो आकडा वापरूच नका, आधी प्रयोगशाळेला विचारा.

मुक्त अमोनिया १.० कसा? पीकेए म्हणजे ज्या पीएचला अमोनिया आणि अमोनियम निम्मे-निम्मे असतात तो आकडा. २५ अंशाला अमोनियमचा पीकेए ९.२५ आहे, ३० अंशाला तो साधारण ९.१ वर येतो. पीएच ७.४ म्हणजे त्याच्या १.७ खाली. १० चा १.७ वा घात साधारण ५०, म्हणजे ५१ भागांत एक भाग मुक्त, अंदाजे २ टक्के. ४२ चे २ टक्के ०.८४, तो नायट्रोजन म्हणून. अमोनिया म्हणून लिहायचा तर १.२२ ने गुणून १.०. तुमच्या प्रयोगशाळेने हिशेब नीट केला आहे.

याच पाण्याचा पीएच ८.४ झाला तर? अमोनियाकल नायट्रोजन ४२ च राहील, पण मुक्त वाटा जवळपास १७ टक्के होईल आणि मुक्त अमोनिया ८.५ च्या आसपास जाईल. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी अमोनियाकल नायट्रोजन ५० आणि मुक्त अमोनिया ५ मिग्रॅ/लिटर अशा दोन वेगळ्या ओळी आहेत, त्या यासाठीच. माशांना मारतो तो मुख्यतः मुक्त अमोनिया. तो कल्ल्यांतून आरपार जातो, अमोनियम आयन त्या मानाने फारसा जात नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रातल्या मर्यादा याहून कडक असू शकतात. तक्त्यावर त्याच लिहा.

अहवाल तपासायची एक सोपी खूणगाठ: टीकेएन म्हणजे सेंद्रिय नायट्रोजन अधिक अमोनियाकल नायट्रोजन. त्यामुळे अमोनियाकल कधीच टीकेएनपेक्षा जास्त असू शकत नाही. तुमच्याकडे ४६ आणि ४२ आहे, म्हणजे ४ सेंद्रिय. बीओडी ८ असताना हे पटण्यासारखं आहे. उलटं दिसलं तर एकक बदललं आहे किंवा नमुने अदलाबदल झाले आहेत.

नमुना घेताना जे बिघडतं ते बहुतेक बाटलीतच बिघडतं. साधा नमुना दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिला तर त्यातल्या युरियाचं आणि प्रथिनांचं विघटन होऊन अमोनियाकल आकडा वाढतो. पीएच जास्त असेल आणि बाटली अर्धी भरलेली असेल तर अमोनिया वर हवेत निघून जातो आणि आकडा घटतो. म्हणून बाटली काठोकाठ भरायची, सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचा आणि बर्फात ठेवायची. पण आम्ल घातलेल्या बाटलीतून मुक्त अमोनिया काढता येत नाही, मूळ पीएच तर आपणच मोडलेला असतो. म्हणून पीएच आणि तापमान टाकीच्या काठावरच मोजून बाटलीवर लिहायचं. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मारलेलं पाणी असेल तर सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालून क्लोरीन आधी मारायचा, नाहीतर आकडा कमी येतो.

प्रयोगशाळेतली ऊर्ध्वपातनाची पद्धतही बघून घ्या, म्हणजे ‘अमोनियाकल’मध्ये काय धरतात आणि काय नाही हे पक्कं होईल. नमुन्यात बोरेट बफर घालून सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ९.५ ला आणतात आणि उकळतात. अमोनिया वाफेबरोबर निघून कंडेन्सरमधून बोरिक आम्लात जातो. कंडेन्सरची नळी आम्लात बुडलेलीच हवी, वर राहिली तर वायू निसटतो. मग ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने टायट्रेशन. १०० मिली नमुन्याला १५.२ मिली आणि कोऱ्या चाचणीला ०.२ मिली लागलं, तर १५ गुणिले २८० भागिले १०० म्हणजे ४२. पीएच ९.५ च का? त्याहून फार वर नेलं तर काही सेंद्रिय नायट्रोजनही फुटून अमोनिया सुटतो आणि जो ‘अमोनियाकल’ नव्हताच तो आकड्यात शिरतो.

---

रसायन_दादर

पवईकरांनी पाण्याची बाजू नीट सांगितली. प्रयोगशाळेतल्या द्रावणांमध्ये मात्र या विशेषणाचा अर्थ बदलतो, आणि तिथे ‘अमोनियायुक्त’ हा शब्द अर्धाच अर्थ देतो.

‘अमोनियाकल अमुक’ म्हणजे त्या क्षाराच्या द्रावणात अमोनियाचं जलीय द्रावण इतकं घातलेलं, की माध्यम अल्कधर्मी झालं आहे आणि धातूचे आयन अमोनियाच्या रेणूंनी वेढले गेले आहेत. अमोनिया इथे दोन कामं करतो: आम्ल मारतो आणि धातूला धरून विरघळलेलं ठेवतो. सिल्व्हर नायट्रेटमध्ये चिमूटभर अमोनिया पडला आणि तपकिरी गढूळपणा आला, तर ते अमोनियायुक्त झालं, पण अजून अमोनियाकल नाही. तो गढूळपणा विरून पाणी पुन्हा नितळ झालं की मग अमोनियाकल.

टॉलेन्स अभिकारक, म्हणजे अल्डिहाइड ओळखायला वापरायचं हेच अमोनियाकल सिल्व्हर नायट्रेट, करताना हे डोळ्यांनी दिसतं. ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट लागतं, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात १०० मिलीला १.७ ग्रॅम. ते २ मिली घ्या. नळाच्या पाण्याने धुतलेली नळी तशीच वापरली तर पहिल्या फेरीलाच पांढरा गढूळपणा येतो, तो पाण्यातल्या क्लोराइडचा. आता १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, फार तर दोन. तपकिरी-काळा साका बसतो, तो सिल्व्हर ऑक्साइड. मग विरल अमोनिया, साधारण २ मोलर, थेंब-थेंब, प्रत्येक थेंबानंतर नळी हलवत. साका पातळ होत जातो. अगदी जेमतेम विरला, तळाशी एखादा कण राहिला असं वाटलं की थांबा. इथे हात सैल सुटला तर अमोनिया जास्त होतो, चांदी घट्ट धरली जाते आणि अल्डिहाइड घातल्यावर काचेवर चांदीचा आरसा येतच नाही किंवा फार उशिरा येतो. विद्यार्थी म्हणतात अल्डिहाइड खराब आहे. बहुतेक वेळा दोष अमोनियाच्या थेंबांचा असतो.

अल्डिहाइडचे दोन-तीन थेंब घालून नळी ६० ते ७० अंशाच्या पाण्यात उभी ठेवायची. थेट ज्योतीवर धरायची नाही आणि तापताना हलवायची नाही. नळीच्या आतल्या काचेवर आधी फिकट पिवळसर छटा, मग करडी, मग तळाकडून वर चढत जाणारी चकाकी. नळी तेलकट असेल तर आरशाऐवजी काळी पूड पडते. म्हणून आधी नायट्रिक आम्लाने विसळून घ्यावी.

आणि हे फार कळकळीने सांगते: अमोनियाकल सिल्व्हर नायट्रेट बाटलीत भरून ठेवू नका. उभं राहिलं की त्यातून सिल्व्हर नायट्राइड बनतं आणि ते सुकल्यावर नुसत्या धक्क्यानेही फुटतं. लागेल तेवढंच करायचं, तास संपायच्या आत विरल नायट्रिक आम्ल घालून आम्लधर्मी करायचं आणि चांदीच्या टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत ओतायचं. मोरीत नाही.

‘अमोनियम’ आणि ‘अमोनियाकल’ची गल्लत इथे लगेच पकडली जाते. कपाटात अमोनिया द्रावण संपलं म्हणून कोणी अमोनियम क्लोराइड घातलं, तर साका विरत नाही, वर सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका पडतो. अमोनियम आयनाकडे धातूला द्यायला मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी उरलेलीच नसते, ती हायड्रोजनला दिलेली असते. नाव जवळचं असलं तरी काम वेगळं.

याच कुटुंबातलं दुसरं द्रावण म्हणजे अमोनियाकल क्युप्रस क्लोराइड. टोकाला तिहेरी बंध असलेला अल्काइन असेल तर लाल साका देतं. ताजं असताना जवळपास रंगहीन असतं आणि हवा लागली की निळं पडतं, म्हणून बाटलीत तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून ठेवतात. तो लाल साकाही सुकू द्यायचा नाही, ओला असतानाच विरल आम्लाने नष्ट करायचा.

अजून एक. पाण्याचा कठीणपणा मोजताना लागणारं पीएच १० चं ‘अमोनिया बफर’ याला अमोनियाकल बफरही म्हणतात. ६.७५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड आणि ५७ मिली तीव्र अमोनिया, पाण्याने १०० मिली. यात अमोनिया आणि अमोनियम दोन्ही मुद्दाम आहेत, एकटं कोणी पीएच धरून ठेवू शकत नाही. बाटलीचं बूच सैल राहिलं की अमोनिया उडतो, पीएच घसरतो आणि टायट्रेशनचा शेवटचा रंग जांभळट रेंगाळतो, स्वच्छ निळा होत नाही. असं झालं की बफर फेकून नवीन करा.

---

बाग_आणि_माती_बोरिवली

खताच्या गोणीवरचा अर्थ पवईकरांच्या अर्थाच्या जवळचा आहे, नत्राचं रूप सांगणारा. फरक इतकाच की इथे तो टक्क्यांत असतो.

युरियात ४६ टक्के नत्र आहे, पण ते अमाइड रूपात. गोणीतून काढलेल्या युरियाची अमोनियाकल नत्रासाठी चाचणी केली तर जवळजवळ काहीच येत नाही. जमिनीत पडल्यावर युरिएज नावाचं विकर त्याचं अमोनियाकल रूपात रूपांतर करतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. अमोनियम सल्फेटमधलं २० टक्क्यांहून थोडं जास्त नत्र सगळंच अमोनियाकल. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटमध्ये अर्धं अमोनियाकल, अर्धं नायट्रेट. चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्याच्या सुफला १५:१५:१५ मध्येही ही दोन्ही रूपं असतात. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र, त्यातलं बहुतेक अमोनियाकल.

याचा व्यवहारातला उपयोग असा. अमोनियम आयन धन भाराचा, मातीच्या ऋण भाराच्या कणांना चिकटतो. नायट्रेट ऋण भाराचा, मुंबईच्या जुलैच्या पावसात कुंडीच्या भोकातून सरळ वाहून जातो. म्हणून पावसाळ्यात गच्चीवरच्या बागेला खत द्यायचंच असेल तर अमोनियाकल नत्राचं, थोडं-थोडं.

पण अमोनियाकल खत आणि चुना किंवा लाकडाची राख एकत्र कधीही करायची नाही. पीएच चढला की पवईकरांनी सांगितलेला तोच हिशेब मातीत चालू होतो, अमोनियम मुक्त अमोनिया होतो आणि उडून जातो. हे बघायचं असेल तर नवसागर घ्या, कल्हईवाले वापरतात तो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कोरड्या खड्याला वास नाही. वाटीत चिमूटभर पूड घेऊन त्यात ओला चुना कालवा, दोन-चार क्षणांत नाकात झोंबणारा दर्प येतो. हळदीच्या पाण्यात बुडवलेला ओला कागद वाटीच्या वर धरलात तर पिवळ्याचा तांबूस होतो. वाटीत आधी फक्त अमोनियमचा क्षार होता, आता अमोनियाकल लगदा आहे. खिडकी उघडी ठेवून करा आणि वाटीवर वाकून वास घेऊ नका, हाताने वारा घालून लांबून घ्या.

कल्हईच्या वेळी जो पांढरा धूर उठतो तोही याच नवसागराचा. तापलेल्या भांड्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइडमध्ये फुटतो. हायड्रोजन क्लोराइड तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर साफ करतो आणि कथील धरतं. वर थंड हवेत दोन्ही वायू पुन्हा जुळून पांढरे कण होतात.

---

नकाशे_फोर्ट

छोटीशी भर. वास्तुविशारदांच्या कार्यालयात ज्याला ‘अमोनिया प्रिंट’ म्हणायचे, त्याला अमोनियाकल म्हणू नका. तो डायझो कागद. प्रकाश दाखवून झाल्यावर अमोनियाच्या वाफेत धरला की रेषा उमटतात. अमोनिया फक्त माध्यम अल्कधर्मी करून रंग जुळवून आणतो, कागदावर तो टिकत नाही. ताज्या प्रिंटला येतो तो वास मात्र अमोनियाकल, त्या अर्थाने पुरवठादाराच्या पत्रकातला शब्द बरोबर आहे. तिथे मराठीत ‘अमोनियासारखा उग्र दर्प’ पुरे.

---

मुलुंड_एसटीपी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रोबचं एकक बदललं, आता ४१-४२ दाखवतो.

पवईकर, आता खरा प्रश्न. बीओडी ८ म्हणजे केंद्र चाललं आहे ना? मग अमोनियाकल नायट्रोजन ४२ का राहतं? फ्लशच्या पाण्याला वास येतो म्हणून तक्रारी आहेत, आणि हायपो कितीही टाकलं तरी प्रयोगशाळा ‘मुक्त क्लोरीन नाही’ असं लिहून देते. ओटी (ऑर्थोटोलिडीन, क्लोरीन ओळखायचं) द्रावणाने मात्र पिवळा रंग येतो.

---

पाणीतपासणी_पवई

बीओडी खाणारे जिवाणू वेगळे आणि अमोनिया खाणारे वेगळे. पहिले भराभर वाढतात, दुसरे संथ वाढतात आणि हवेच्या बाबतीत फार नाजूक. तुमचे पहिले काम करताहेत, दुसरे टाकीत टिकलेलेच नाहीत.

आधी त्याच पाण्याचं नायट्राइट आणि नायट्रेट तपासून घ्या. दोन्ही शून्याजवळ असतील तर नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होणं, सुरूच झालेलं नाही. नायट्राइट साठलेलं दिसलं तर अर्ध्यावर अडकलं आहे.

मग हवा. १ मिग्रॅ अमोनियाकल नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला ४.५७ मिग्रॅ ऑक्सिजन लागतो. ४० मिग्रॅसाठी लिटरमागे १८० च्या वर, आणि हा बीओडीच्या गरजेखेरीजचा. टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन २ मिग्रॅ/लिटरच्या खाली येऊ देऊ नका, आणि तो पहाटे मोजा. वीज वाचवायला किंवा खालच्या मजल्यावरच्यांना आवाज होतो म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवायची पद्धत अनेक संकुलांत आहे. बीओडी त्यातून तरून जातो, नायट्रिफिकेशन तरत नाही.

तिसरं, गाळ. रोज जास्त गाळ काढून टाकला तर संथ वाढणारे जिवाणू वाढायच्या आत वाहून जातात. मुंबईचं पाणी बाराही महिने कोमट असतं, त्यामुळे गाळाचं वय, म्हणजे गाळ सरासरी किती दिवस टाकीत राहतो ते, ८ ते १० दिवस ठेवलं तर पुरतं. काढलेल्या गाळाची नोंद रोज ठेवा, नुसता अंदाज नको.

चौथं, अल्कता. १ मिग्रॅ अमोनियाकल नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ अल्कता खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून धरलेली. ४० मिग्रॅला २८५ च्या आसपास. आपल्याला तलावांचं मऊ पाणी येतं, त्याची स्वतःची अल्कता थोडी, बाकीची मैलापाण्यातून येते. आज पीएच ७.४ आहे कारण प्रक्रिया सुरूच नाही. हवा वाढवल्यावर ती सुरू झाली आणि पीएच ६.८ च्या खाली घसरू लागला, तर सोडाखार म्हणजे सोडियम बायकार्बोनेट द्यावं लागेल. जितकी अल्कता कमी पडते तिच्या १.६८ पट वजनाने. बाहेर पडणाऱ्या पाण्यात ५० ते ८० अल्कता शिल्लक दिसली की पुरे.

हायपोचं कोडं याच आकड्यात आहे. क्लोरीन पाण्यात पडला की आधी अमोनियाला धरतो आणि क्लोरामाइन होतात. मुक्त क्लोरीन दिसायला लागण्याआधी अमोनियाकल नायट्रोजनच्या ७.६ पट क्लोरीन खर्ची पडावा लागतो, प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. ४२ ला ७.६ ने गुणा, ३२० मिग्रॅ/लिटर. १० टक्क्यांचं हायपो असेल तर दर हजार लिटरला ३ लिटरहून अधिक! हे परवडणारं नाही आणि करूही नये, पाण्यात नुसते क्षार वाढतील. ओटीचा पिवळा रंग क्लोरामाइनवरही येतो. मुक्त क्लोरीनसाठी डीपीडी या रंगचाचणीची पहिली गोळी टाकून लगेच वाचा, थांबलात तर क्लोरामाइनचाही रंग हळूहळू चढतो. अमोनियाकल नायट्रोजन १-२ वर आलं की आजच्या हायपोच्या छोट्याशा हिश्शात काम होईल.

---

बर्फखाना_माझगाव

शीतगृहांच्या बाजूने एक सावधगिरी, कारण तक्ता ऑपरेटर वाचणार आहेत.

आमच्याकडे ‘अमोनियाकल’ शब्द चालत नाही. यंत्रात असतो तो निर्जल अमोनिया, आर-७१७, जो उणे ३३ अंशाला उकळतो. बाटलीत किंवा कॅनमध्ये मिळतं ते लिकर अमोनिया, म्हणजे पाण्यातलं द्रावण, बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास. या दोघांना एकाच नावाने हाक मारली तर जिवावर बेतू शकतं. लिकर सांडलं तर भरपूर पाण्याने विरल करतात. निर्जल द्रव साचलेल्या ठिकाणी थेट पाणी मारलं तर तो खवळून उकळतो आणि ढग वाढतो. तिथे पाण्याचा फवारा वाऱ्याच्या दिशेला, ढगावर धरायचा, द्रवावर नाही. डोळ्यांत गेलं तर दोन्ही बाबतींत निदान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मग दवाखाना.

दुसरं, पितळ. अमोनिया आणि ओलावा एकत्र आले की ताणाखालचं पितळ तडकतं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेल्या पितळी काडतुसांना चिरा जायच्या, त्याचं कारण हेच निघालं. म्हणून आमच्या पाइपांना पितळी व्हॉल्व्ह नसतात. तुमच्या फ्लशच्या पाण्यात अमोनियाकल नायट्रोजन ४२ असेल तर टाक्यांचे पितळी फ्लोट व्हॉल्व्ह आणि नट एकदा भिंगाखाली बघून घ्या.

---

मुलुंड_एसटीपी

दोन व्हॉल्व्हच्या नटांवर बारीक चिरा दिसल्या, प्लॅस्टिकचे मागवले. रात्रीचा ब्लोअर सुरू ठेवायला समितीने होकार दिला आहे.

तक्त्याचा मजकूर असा केला आहे, बघून सांगा:

‘अमोनियाकल नायट्रोजन: पाण्यातला मुक्त अमोनिया आणि अमोनियम यांतला मिळून नायट्रोजन. एकक मिग्रॅ/लिटर. रोज सकाळी प्रोबवरून नोंदवा. १० च्या वर गेल्यास ब्लोअर आणि गाळाची नोंद तपासा. नमुना आम्ल घालून बर्फात पाठवा.’

---

रसायन_दादर

मजकूर छान झाला आहे. ‘अमोनियायुक्त’ न करता ‘अमोनियाकल’ ठेवलंत ते योग्यच. अहवालात, नियमांत, गोणीवर हाच शब्द भेटणार आहे, आणि अर्थ शेजारी दिलेला आहेच. एकक मात्र ‘मिग्रॅ/लिटर, एन म्हणून’ असं पूर्ण लिहा.

---

पाणीतपासणी_पवई

दोन दुरुस्त्या. ‘रोज सकाळी’ऐवजी नक्की वेळ लिहा, सकाळी ७ ते ९ च्या गर्दीत येणाऱ्या पाण्याचा भार दुपटीवर जातो आणि रोज वेगळ्या वेळेचा आकडा एकमेकांशी ताडता येत नाही. आणि शेवटच्या ओळीआधी हे घाला: ‘आम्ल घालण्यापूर्वी पीएच व तापमान मोजून बाटलीवर लिहा.’ प्रोबचा आकडाही आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेच्या आकड्याशी पडताळा. आयन-निवडक प्रोब असेल तर पोटॅशियममुळे तो आकडा वर दाखवू शकतो. फरक २ मिग्रॅच्या वर गेला की कॅलिब्रेशन करा.